दुमडलेलं टोक

माझा दादा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. त्याला सगळे काटेवाला म्हणतात, कारण आकड्यांची मीटरं येऊन जमाना झाला तरी हा काट्याचं जुनंपुराणं मीटर कवटाळून बसलाय. आकडा बदलेपर्यंत बिघाड पळून जातो, काटा मात्र लगेच थरथरतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्याच शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी सीटकव्हरं शिवते. एकाच आईची लेकरं आम्ही, पण मला शिंकायचीसुद्धा घाई, आणि हा शिंकण्याआधी नाकाची परवानगी घेणार.

त्याची एक खोड आहे. वायरवर चिकटपट्टी गुंडाळली की तिचं शेवटचं टोक तो नखभर आत दुमडतो. पुढे कुणाला ती उघडायची झाली तर खरवडत बसायला नको, धरून ओढली की सुटावी. "आपल्यामागून येणाऱ्याने आपल्याला शिव्या घालू नयेत," म्हणतो. असं करणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही.

त्या दिवशी रुग्णांची व्हॅन आमच्या दारात आली ती दोरीने ओढून. तिचा चालक डायलिसिसच्या चौघांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेतो-आणतो, आणि त्या चौघांत आमची आई. आदल्या फेरीला गाडी पुलावर मधोमध बंद पडली. अर्धा तास मागून ट्रक भोंगे वाजवत होते. आई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आज तीनला तिला निघायचं होतं, दुसरी गाडी मिळत नव्हती, आणि घड्याळात साडेबारा वाजले होते.

"दोन गॅरेजांनी सेन्सर बदलला, मास्तर," चालक म्हणाला. "तरी गरम झाली की बंद."

इंजिन फिरतंय, हा निरोप गाडीच्या कॉम्प्युटरला देणारा तो सेन्सर.

"मग तिसरा घाल आणि मोकळा हो," मी म्हटलं.

"रस्ताच तुटला असेल तर निरोप्या बदलून काय होणार?" दादा म्हणाला.

सेन्सरपाशी पाच व्होल्ट येत होते. अर्थिंग ठीक होतं. निरोप नेणाऱ्या वायरची दोन्ही टोकं सोडवून त्याने मीटर लावलं, तर काटा वर जाऊन स्थिर, म्हणजे वायर अखंड. दादा पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागला. मी शिलाईला बसले, कव्हर उलट्या बाजूने शिवलं, उसवलं, पुन्हा उठून त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिले. दीड वाजला.

"तुझा ब्लोअर आण," तो म्हणाला.

सीटकव्हरच्या सुरकुत्या काढायचा माझा गरम हवेचा ब्लोअर. तो लांबून धरून दादा वायरींचा जुडगा वीत वीत तापवत गेला. इंजिनच्या मागच्या कोपऱ्यात पोचला आणि काटा धपकन पडला.

दादाने हात आत घातला, जुडगा ओढून वर घेतला. चिकटपट्टीचं टोक धरलं. एका ओढीत पट्टी सुटली. त्याने ते टोक बोटांत धरून पाहिलं, मीही पाहिलं. नखभर आत दुमडलेलं. आत वायरी नुसत्या एकमेकींना पिळलेल्या, काळ्या पडलेल्या. जोड पक्का करायला वितळवून लावतात त्या सोल्डरचा थेंब नव्हता.

मला सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी ही व्हॅन दुसऱ्या चालकाकडे होती, उंदराने वायर कुरतडली होती. दादा सोल्डरिंग आयर्न तापवायला निघाला होता आणि मीच ओरडले होते, "आईला डॉक्टरकडे न्यायचंय, गुंडाळ आणि दे. आत कोण बघायला येतंय?" त्याने गुंडाळली.

"कोणी केलं हे?" चालकाने वाकून विचारलं.

असेल कुणी, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"मी केलंय," दादा म्हणाला. "सोल्डर न करता सोडलं. तुम्ही पुलावर अडकलात ते माझ्यामुळे."

चालकाने खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं.

"घाई मी केली होती," मी म्हटलं. "त्याला मीच..."

"हात कुणाचे होते?" दादा म्हणाला. रागाने नाही. त्याने सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

ते तापेपर्यंत मला राहवेना. मी आईला फोन केला, गाडीला थोडा उशीर होईल म्हणून सांगितलं.

"कोण करतंय काम?" तिने विचारलं.

"दादा."

"मग ठीक आहे. मी तयार होऊन बाहेर बसते."

एवढं ऐकून मला रडू फुटलं. फोन ठेवला तेव्हा दादा सोल्डर थंड व्हायची वाट बघत होता. फुंकरही घातली नाही त्याने. पट्टी गुंडाळली, टोक दुमडलं, मग मीटर माझ्या हातात दिलं.

"मी तापवतो. तू काटा बघ."

तो तापवत राहिला. काटा हलला नाही. तीन वाजले, चालक किल्ली घेऊन उभा राहिला, आणि दादा ब्लोअर बंद करायला गेला.

"थांब," मी म्हटलं. "अजून थोडा वेळ धर."