इमारत वाढणार

वाढवणेकाका रिकाम्या घराच्या दारातसुद्धा चपला काढायचे. घराला कुलूप असो की छप्पर उडालेलं असो, ते उंबऱ्याबाहेर थांबून "येऊ का?" असं विचारायचे आणि मग कान देऊन उभे राहायचे. कधी लगेच आत शिरायचे, तर कधी पाच मिनिटांनी मान हलवून पुन्हा चपला घालायचे आणि म्हणायचे, "आज नको म्हणतायत." कोण नको म्हणतंय हे विचारायची माझी छाती कधी झाली नाही, आणि मी तशी कुणाला घाबरणाऱ्यातली नाही.

वाढवणे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते मी पाडलेलं नाव. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. मी रोज दुपारी दुकान बंद करत नाही, वाढवते. काकांनी हा शब्द घरांनाही लावला होता. जुनं घर पाडलं, कोसळलं, बुलडोझर फिरला, काहीही झालं तरी ते म्हणणार, "घर वाढलं." फोटोच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे, 'वाढले', आणि खाली महिना. नाव का पडलं हे ठाऊक नसलेला पोस्टमनसुद्धा एकदा 'वाढवणे' या नावाने त्यांचा पत्ता विचारत माझ्या दुकानात आला होता.

माझं झेरॉक्सचं दुकान डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. काका तिथे प्रिंट काढायला यायचे. सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती आणि निवृत्तीनंतर ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या जुन्या घरांचे फोटो काढणं एवढाच उद्योग उरला होता. उद्योग म्हणजे वेडच. प्रत्येक घराचा फोटो वर्षातून एकदा, त्याच जागी उभं राहून. वहीत लिहिलेलं असायचं, 'पाराच्या कोपऱ्यापासून सात पावलं, पाठ खांबाला.' मग दरवर्षीचे फोटो माझ्या काउंटरवर ओळीने मांडायचे. मागे आधार कार्ड घेऊन लोक ताटकळत असायचे आणि काका भिंग लावून एकेक खिडकी तपासत बसायचे.

"घर जायला निघालं ना, की आपल्याकडे बघायला लागतं," असं ते म्हणायचे. मी हसायचे. मग त्यांनी एकदा ठाण्याच्या तलावाजवळच्या एका घराचे सहा वर्षांचे फोटो मला दाखवले. पहिल्या फोटोत खिडक्या खिडक्यांसारख्या होत्या. शेवटच्या फोटोत त्यांच्या वरच्या कडा मधोमध खाली आल्या होत्या, आणि खरंच कोणीतरी डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होतं. मी तो फोटो पालथा घातला. मागे 'वाढले' लिहिलेलं होतं.

कल्याणच्या एका बंद घराचे फोटो तर मी आजही बघणार नाही. घराला दहा वर्षं कुलूप होतं, असं काकाच सांगायचे. तरी प्रत्येक फोटोत माडीच्या गजांमागे एक बाई उभी. दरवर्षी तीच, तशीच. "तुम्ही विचारलंत का, कोण आहे?" मी म्हटलं. काका भिंग पुसत म्हणाले, "ओळख झाली तर पुढच्या वर्षी फोटो कसा काढणार?" त्या दिवशी मी दुकान तासभर आधीच वाढवलं.

एका रविवारी ते मला ठाण्याला खाडीकडच्या एका गल्लीत घेऊन गेले. तिथे गाड्या उभ्या करायची जागा होती, बाकी काही नाही. दोन मोटारींच्या मधे काकांनी चपला काढल्या. त्यांचं घर तिथे होतं. वडील मिठागरावर कामाला. काका सहा वर्षांचे असताना एक दिवस त्यांनी खेळ काढला, भिंतीला पाठ लावायची आणि ओरडायचं, "पडली, पडली!" आई वैतागून म्हणाली, "घरान बसून परली परली नको बोलू रं!" हा पोरगा दिवसभर तेच ओरडत राहिला. तिन्हीसांजेला भिंत खाली आली. तिच्या आडोशाला मोठी बहीण तांदूळ निवडत बसली होती.

"तेव्हापासून तो शब्द मी तोंडात घेतलेला नाही," काका म्हणाले. मग मोटारींकडे बघून हात जोडले आणि चपला घातल्या. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी काहीतरी फालतू बोलत राहिले, कारण गप्प राहवेना.

आमची इमारतही त्यांच्या वहीत होती. तीन मजले, सोळा बिऱ्हाडं. दुसऱ्या मजल्यावर मी आणि आई. रिडेव्हलपमेंटच्या गप्पा इतकी वर्षं चालल्या होत्या की त्यांचा कोणाला रागही येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी वैशाखात काकांनी आमच्या इमारतीचे पाच फोटो माझ्यासमोर मांडले. मी पाचही फोटो पाहिले.

"कागद दमट झालाय, काका. म्हणून वाकडं दिसतंय," मी म्हटलं. मला त्यांचा राग आला होता.

"बघायला लागली आहे," ते म्हणाले. "रविवारी तुमच्या सोसायटीची मीटिंग आहे ना, तिथे येऊन सांगतो."

रविवारी सकाळी आवारात सोसायटीची मीटिंग भरली. काका उभे राहिले आणि आपल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "मंडळी, सामान हलवायला घ्या. ही इमारत पावसाळ्याआत वाढणार आहे."

सेक्रेटरी खुर्चीतून उठलेच. "काय सांगता! म्हणजे प्लॅन पास झाला? किती मजले?"

"अहो, काका सरकारी कचेरीतले, आतल्या गोटातले आहेत, उगाच नाही बोलणार," कोणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. काकांना वाटलं, सगळ्यांनी समजून घेतलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि चहा न घेता गेले.

मी शेवटच्या रांगेत बसले होते. त्या शब्दाचा अर्थ त्या आवारात फक्त मला माहीत होता. माझ्या शेजारी आई गुडघे चोळत म्हणत होती, "आता लिफ्ट येईल बघ. मी रोज खाली उतरणार, देवळात जाणार." इतक्या वर्षांत मी तिला इतकी खूश पाहिली नव्हती. उद्या सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी मी दुकान वाढवून जेवायला घरी आलेले. फाटकात काकांचा आवाज आला म्हणून गॅलरीत गेले. ते वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत तळमजल्यावरच्या मावशींना विचारत होते, "अजून इथेच? रिकामी का नाही केली?"

"आत्ताच कशाला?" मावशी हसून म्हणाल्या. "मजले वाढायला अजून वेळ आहे ना?"

काकांचा चेहरा मला वरून दिसला. चूक कुठे झाली ते त्यांना कळलं होतं. ते दोन पावलं मागे गेले, पाठ फाटकाच्या खांबाला लागली. ओठ हलले, पण आवाज फुटेना. मग तो सत्तरी उलटलेला माणूस सहा वर्षांच्या पोरासारखा किंचाळला, "पडणार! पडणार! इमारत पडणार!"

दारं धडाधड उघडली. भरल्या घराला असं अभद्र बोलतो म्हणजे काय! मावशी कंबर कसून पुढे झाल्या. पहिला मजला लाटणं हातात घेऊन उतरला. "अहो भाऊ, जीभ आवरा!" म्हणत माझी आई गुडघे विसरून जिना उतरली, तिच्यामागे मी. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा तर भांडण चुकू नये म्हणून कठडा धरत धरत आले. सगळ्यांनी काकांना घेरलं. ते ओरडतच मागे सरकत रस्त्यापलीकडे गेले आणि आम्ही भांडत भांडत त्यांच्यामागे.

आधी माझ्या पाठीला एक गार झुळूक लागली. वैशाखात, भर दुपारी. मग आवाज झाला.

धूळ बसली तेव्हा समोर आभाळ होतं. आम्ही डोकी मोजली, पुन्हा मोजली. कोणीही गेलं नव्हतं. बायका काकांच्या पाया पडायला लागल्या आणि काका पाय मागे घेत म्हणत होते, "मी बोललो. मी बोललो म्हणून."

ते त्यांच्या डोक्यातून कधीच गेलं नाही. कॅमेरा त्यांनी देऊन टाकला. पुतणीने त्यांना माजिवड्याला आपल्या टॉवरमध्ये नेलं. मी भेटायला जायचे तेव्हा ते खिडकीकडे पाठ करून बसलेले असायचे. इंजिनियरांनी काय सांगितलं, खांब आतून कसे कुजले होते, सगळं मी त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलं. ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "आत कोणी राहिलं नव्हतं ना?"

शेवटच्या भेटीत मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, मीटिंगमध्ये तुमचा शब्द मला कळला होता. मी गप्प बसले. मी तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्हाला ते बोलावं लागलं नसतं." मी रडत होते. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, निदान तोंड फिरवावं, एवढंच मला हवं होतं.

काका माझ्याकडे वळले. मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"तू घरात बसून बोलली नाहीस," ते म्हणाले. "म्हणून तर इमारत आठ दिवस उभी राहिली." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शहाणी पोर आहेस."

त्यानंतर महिन्याभरात ते गेले. त्यांचं म्हणणं मी तेव्हा खोडून काढलं नाही. त्याही वेळी मी गप्पच बसले.