भिंतीवर तळहात

कुणाच्याही घरी गेले की काका आधी भिंतीवर तळहात टेकवत आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजत. हात टिकला तर भिंत पास, मध्येच काढावा लागला तर फेल. चहा त्यानंतर. ग्वाल्हेरात फूलबागेजवळच्या माझ्या भाड्याच्या खोलीत ते जूनमध्ये पहिल्यांदा आले, तेव्हा सहाव्या आकड्यालाच हात मागे घेऊन म्हणाले, "यात राहतोस? पकून जाशील की रे."

तुमच्याही ओळखीत असा माणूस असेल, ज्याला एखादं वेड लागलं की आजूबाजूच्यांची सुटका नसते. निवृत्तीनंतर काकांना मालवाहू कंटेनरच्या घरांचं वेड लागलं. जहाजांवरून फिरून थकलेला लोखंडी डबा भंगारात जाऊ द्यायचा नाही, त्यात माणसं सुखानं राहतील असं करायचं, आणि बाकीचं सामान शक्यतो आसपासच्या शेतांतलंच घ्यायचं. मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे आयताच त्यांच्या तावडीत सापडलो.

पहिला डबा त्यांनी शहराबाहेरच्या आपल्या छोट्या प्लॉटवर आणला, तो स्वतःसाठी आणि ताईंसाठी. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून नई सडकेवरच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. काकूंच्या माघारी काकाही एकटेच होते. म्हातारपणी भावाबहिणीनं एका छपराखाली राहावं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. ताईंचं उत्तर ठरलेलं असे. "मला डब्यात नको भरूस. मी काय बेसनाचा लाडू आहे?"

ताईंचं चुकत नव्हतं. आमच्याकडच्या उन्हात लोखंडाला हात लागला की चटका बसतो, आणि थंडीत तेच लोखंड बर्फ होतं. यावर काकांनी काढलेला पहिला तोडगा अगदी ग्वाल्हेरी होता. इथे थंडीवर एकच औषध, रजई. त्यांनी घरातल्या जुन्या रजया उसवल्या, शेजाऱ्यांच्याही मागून आणल्या आणि सगळा कापूस आतल्या बाजूनं लोखंड आणि फळ्या यांच्यामध्ये ठासला. जानेवारीत मोठ्या थाटात स्वतः राहायला गेले. आठवड्याभरात भिंती पाझरू लागल्या. आतली वाफ फळ्यांच्या फटींतून गार लोखंडापर्यंत जायची आणि तिथे तिचं पाणी व्हायचं. ओल्या कापसाला असा वास सुटला की मी नाकाला रुमाल बांधून तारा उपसल्या. केलेलं सगळं काम पुन्हा करायचं म्हणून मी भयंकर चिडलो होतो. काका मात्र खुशीत होते. म्हणाले, "चूक समजली ना? रजई आपण अंगावर घेतो, गिळत नाही."

मग डब्याला बाहेरून रजई मिळाली. भोवती बांबूचा सांगाडा, त्यात शेतकरी एरवी जाळून टाकतात ती मोहरीची वाळकी काडं, वरून जाळी आणि चुन्याचा जाड गिलावा. माथ्यावर हातभर पोकळी सोडून दुसरं पांढरं छप्पर. खिडक्या उत्तरेला. लोखंडाला ऊन दिसेनासंच झालं.

ताईंनी अट घातली. जूनच्या दुपारी येईन, कूलरशिवाय झोपेन. झोप लागली तर राहीन, नाही तर हा विषय बंद.

ठरल्या दिवशी त्या स्वतःची उशी काखेत मारून आल्या आणि दार लोटून आडव्या झाल्या. काका छत्री उघडून बाहेर उन्हात उभे राहिले. भाजीवाल्याला त्यांनी हात जोडून आल्या पावली परत पाठवलं, मला पक्कड खाली ठेवायला लावली. मी सावलीत बसा म्हटलं तर ओठांवर बोट ठेवलं. असे दोन तास गेले. चार वाजून गेल्यावर ताई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेव. सामान रविवारी आण." काका डब्यामागे गेले आणि डोळे पुसून आले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

चार वर्षं दोघं तिथे रोज भांडत, मजेत राहिली. काकांनी आणखी दोन-तीन डब्यांना माणसांत आणलं. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले.

या जूनमध्ये पंखा दुरुस्त करायला मी ताईंकडे गेलो होतो. भर दुपार होती. बोलता बोलता म्हटलं, त्या दिवशी काय गाढ झोपला होतात तुम्ही.

ताई हसल्या. "झोप कुठली रे? नव्या जागी मला पहिल्या दिवशी झोप येतच नाही. चुपचाप डोळे मिटून पडले होते. खिडकीतून त्याची छत्री दिसत होती. उठले असते तर फेल झाला असता बेचारा."

"काकांना माहीत होतं?"

"छे. रोज भांडलो, पण हे नाही सांगितलं."

मग त्यांनी शेजारच्या भिंतीवर तळहात टेकवला. मी नकळत मोजू लागलो. दहा झाले, वीस झाले. ताईंनी हात काढला नाही.