पाट्यावरचं मीठ

आमच्या घरी भाजी कधी खारट होत नाही. झालीच तं माझी जीभ बिघडलेली असते. माझ्या पोराची, हेमेंद्रची माय, म्हणजे आमची मुन्नीबाई, लग्न होऊन आली तेव्हापासून हाच कायदा आहे. 'चुकलं' हा शब्द त्या बाईच्या तोंडून मी ऐकला नाही. पण कामाले अशी, की चोरखमारा तलावाच्या पाण्यावरच्या आमच्या बांधीत धानाचा रोवणा सुरू झाला की तरण्या पोरी तिच्या मागं पडतात.

मागच्या वर्षी हेमेंद्रनं टीनाले लग्न करून आणलं. पोरगी नागपूरची. आमच्या घराण्यात नव्या सुनेच्या हातचं पहिलं रांधणं भाऊबंदांच्या पंगतीत वाढतात, आणि वाढायच्या आधी कोणी चाखत नाही. चाखलं की उष्टं झालं. तिथं बिघडलं तं जन्मभराचे टोमणे! टीनाचा स्वयंपाक बेताचाच. तिले एकच गोष्ट झकास येत होती, ऑलिव्हची चटणी. नागपूरहून ती काळ्या ऑलिव्हची बरणीच घेऊन आली.

माझा धाकटा भाऊ हिरालाल बरणीत डोकावून म्हणे, "हे तं बकरीच्या लेंड्या दिसून राहिल्या, वहिनी!"

टीनाचं तोंड एवढंसं झालं.

"खाऊन मंग बोला, भाऊजी," मुन्नीबाई कडाडली.

ऐन वेळी लाईट गेली. मिक्सर बंद. "मंग पाटा कायले आहे?" म्हणून मुन्नीबाई स्वतः वाटायले बसली. टीनानं बिया काढून दिल्या, लसूण सोलून दिला. वाटण झालं तशी पोरीनं वरून लिंबू पिळलं, तेल सोडलं अन् कालवलं.

पंगत बसली. तांदळाच्या पिठाचे गरम आयते, धिरड्यांसारखे, अन् बाजूले चटणी. हिरालालनं पहिला घास घेतला आणि डोळे गच्च मिटले.

"अरे बापा! मिठाची खाण हाय का हे?"

पंगतीत खसखस पिकली. टीनाचे डोळे भरून आले. ती मले हळूच म्हणाली, "बाबा, मी मीठ घातलंच नाही. ऑलिव्ह मिठाच्या पाण्यातलेच असतात."

माझ्या ध्यानात आलं. लसूण चांगला वाटला जावा म्हणून हेमेंद्रची माय पाट्यावर आधी खडेमीठ टाकते. हात आपसूक जाते तिचा. तिच्याही ध्यानात आलं, कारण वाढता वाढता ती थांबली. मी मनात म्हटलं, आता साऱ्या पंगतीच्या जिभा बिघडणार!

पदर खोचून ती मधात उभी झाली.

"पोरीले हासू नका. मीठ मी टाकलं. चुकलं माझं."

मंग ती टीनाकडे वळली. "आता काय करायचं, तूच सांग."

"दही मिसळून पाहू, आई?"

घट्ट दही मिसळलं अन् काय सांगू, हिरालालनं आयत्यावर आयता मागून घेतला! माझी छाती अशी फुगली, की सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या राहिल्या. बायको माझी आहे ना ती!

हात धुताना मी तिले म्हटलं, "इतक्या वर्षांत मले तं एकदा नाई म्हटलं तू हे."

"तुम्ही कुठं जानार होते?" ती म्हणे. "पोरीचं मन तं उठून गेलं असतं ना या घरातून."