सारसाची अंडी आणि माझा नवा फुल फ्रेम

मोटारपंपाच्या खोलीच्या छतावर पालथा पडून मी नव्या कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हादरलो. सारस लहान झाला होता.

पक्षी तोच, धानाचं खाचर, म्हणजे आमच्याकडची बांधी, तीच, लेन्सही माझी जुनी तीनशे एमएमचीच. काही दिवसांपूर्वी याच छतावरून जुन्या कॅमेऱ्याने मी हीच जोडी घरटं बांधताना टिपली होती. चोचीतली काडीसुद्धा दिसत होती. आज माणसाच्या खांद्याला लागणारा पक्षी कोंबडीएवढा दिसत होता.

"दिसले का जी अंडे?" खालून देवकाबाईंनी विचारलं.

"दिसतात बहुतेक. पण लांब वाटतात."

"एवढा महागाचा कॅमेरा आनला, आन् सारस लांब काऊन गेला बापा?"

 कारण मला ठाऊक होतं, पण ते कॅमेरा घेण्याआधी आठवायला हवं होतं.

देवकाबाई इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली ठेक्याने जमीन करतात. यंदा रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या तोंडावर सारसाने त्यांच्या बांधीत घरटं बांधलं. बाईंनी घरट्याभोवतीचा तुकडा रोवायचा सोडून दिला. जमिनीचे मालक गोंदियात राहतात. त्यांना कोणीतरी सांगितलं, बाईने आळसापायी जमीन पडीक ठेवली. त्यांचा निरोप आला: अंडी असतील तर दाखवा, नसतील तर लगेच रोवणी उरका. नाहीतर पुढल्या साली जमीन दुसऱ्याला.

हे मालक म्हणजे आमच्या पक्षिमित्र मंडळाचे अध्यक्ष. सारसावरचं त्यांचं भाषण मी इतक्यांदा ऐकलंय की मध्येच लाइट गेली तर पुढचं मी म्हणू शकेन. घरटं त्यांच्याच जमिनीत निघालं आणि त्यांनी पुरावा मागितला. स्वतः येऊन बघा म्हटलं, तर म्हणाले, "चिखलात कोण उतरेल भाऊ? फोटो आण."

जवळ जाऊन मोबाइलवर फोटो काढणं शक्य नव्हतं. देवकाबाई त्याच्या रोजच्या ओळखीच्या, पण अंडी दिल्यापासून नर त्यांनाही बांधीत उतरू देत नव्हता. पंख पसरून अंगावर यायचा. मादी अंडी उलटवायला उठते तेवढ्या वेळात, उंचावरून, लांबूनच काय ते टिपायचं.

आणि मला फुल फ्रेम घ्यायला लावणारेही हेच अध्यक्ष. "प्रोफेशनल हो ना? फिर? क्रॉप तो बच्चों का खेल है."

दोन्हींतला फरक सोपा आहे. कॅमेऱ्यात जिथे पूर्वी फिल्म असायची तिथे आता सेन्सर असतो. फुल फ्रेम सेन्सर त्या जुन्या फिल्मएवढा, क्रॉप त्याहून लहान. लेन्स चित्र तेवढंच पाडते. फुल फ्रेम ते सगळं घेतो, क्रॉप फक्त मधला भाग. त्यामुळे क्रॉपच्या फोटोत लांबचा पक्षी जास्त जागा व्यापतो. कमी उजेडात, लग्नाच्या हॉलमध्ये फुल फ्रेम उत्तमच. बांधीतल्या सारसासाठी मात्र त्याला आणखी लांब पल्ल्याची लेन्स लागते. तिच्या किमतीत ट्रॅक्टरचा विचार करता येतो.

माझ्या फोटो स्टुडिओत येऊन मी फोटो कापून मोठा केला, तसा तो धूसर झाला; तरी अध्यक्षांकडे नेला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"ये क्या है? ढेकळं आहेत की अंडे?"

"अंडी आहेत, साहेब."

"तू सांगून राहिला म्हणून मानू? परवा रोवणी."

माझा जुना क्रॉप कॅमेरा स्टुडिओच्या शोकेसमध्ये 'विकणे आहे'ची चिठ्ठी लावून बसला होता. चिठ्ठी काढली, बॅटरी चार्ज केली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच छत. मादी उठली, मान वाकवली, आणि तिच्या पायांशी दोन फिकट अंडी स्वच्छ दिसली. मी बटण दाबून धरलं ते ती बसेपर्यंत सोडलंच नाही. देवकाबाईंनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं. "आता म्हना त्याईले, या रोवाले."

अध्यक्षांनी फोटो पाहिला. "देखा? म्हटलं होतं ना, फुल फ्रेम घे!"

"साहेब, हा जुन्याच कॅमेऱ्याने…"

"अरे छोडो!" ते फोटो मोबाइलवर सगळ्यांना पाठवण्यात गुंतले होते.

तुकडा तसाच राहिला. जमीन देवकाबाईंकडेच राहिली. दोन्ही पिल्लं निघाली आणि आईबापांमागे धानात चालती झाली.

मग अध्यक्षांचा सत्कार झाला. सारस वाचवल्याबद्दल. मी देवकाबाईंना घेऊन गेलो आणि दारातच थबकलो. मंडपाएवढ्या फ्लेक्सवर अध्यक्षांचा चेहरा, कानापासून कानापर्यंत. खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा, माझा सारस. अंडी शोधूनही सापडेनात. देवकाबाईंचं नाव तर नव्हतंच.

बाईंनी बराच वेळ फ्लेक्स न्याहाळला.

"हा तुमच्या नव्या कॅमेऱ्याचा फोटो हाये का जी? सारस तेवढाच दिसून रायला."

आता कोणी विचारलं, क्रॉप घेऊ की फुल फ्रेम, तर मी उलट विचारतो: ज्याचा फोटो काढायचा, तो तुम्हाला किती जवळ येऊ देतो? नवरदेव येऊ देतो. अध्यक्ष तर स्वतःच जवळ येतात. त्यांच्यासाठी फुल फ्रेम घ्या. सारसासाठी जुना कॅमेरा विकू नका.