अहो, आणि पुढे एक तिरकी रेघ

सुप्रभाकाकूंनी एकेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाही नुसतं घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं, पुष्कळदा आणि हौसेनं घेतलं; पण ते सणासुदीला नटवून बाहेर काढलेलं नाव. रोजच्या वापराला 'अहो' होतं. लंडनमधल्या एजवेअरच्या त्यांच्या घरात 'अहो' म्हटलं की संजयकाका असतील तिथून 'काय गं' म्हणायचे आणि काम भागायचं.

काकूंनी चोवीस वर्षं एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. आलेला निरोप कागदावर लिहायचा आणि पोचवला की ओळीच्या शेवटी एक तिरकी रेघ मारायची. नोकरी सुटली, पण रेघ काही सुटली नाही. वाण्याची यादी असो की लग्नाची निमंत्रणं, काकूंच्या डायरीत जिकडे तिकडे तिरक्या रेघा.

दुसरा नाद उखाण्यांचा. चार वह्या भरून सहाशे बारा उखाणे त्यांनी जमवले होते. पण तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला इथे वाढलेल्या मुली उखाण्याची वेळ आली की हसत हसत टॉयलेटकडे सटकायच्या. त्यांना ना देवनागरी वाचता येई, ना काही पाठ होई. अध्यक्ष देवयानी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, मोठी कामाची बाई. तिनं स्पष्टच सांगून टाकलं की यंदा उखाणे रंगले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून बिंगो. ऐकून काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याच्या नावाऐवजी काय आकडे ओरडायचे?

काकू पेटल्या. लायब्ररीतल्या कॉम्प्युटरच्या वर्गात जाऊन बसल्या, सगळे उखाणे इंग्रजी अक्षरांत टाइप केले आणि साबणाच्या वडीएवढ्या एका कॉम्प्युटरवर चढवले. ही डबी मंडळाच्या हॉलच्या वायफायला जोडायची, मग हॉलमधल्या कुणीही फोनवर तिचं नाव टाइप केलं की उखाणा हजर. डबीचं नाव काय ठेवणार, असं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तेव्हा काकूंना विचारसुद्धा करावा लागला नाही. ए, एच, ओ. अहो. घरातल्या घरात हाक मारायला आणखी काय लागतं? बाईंनी पत्ता डायरीत लिहून दिला. काकूंनी डबी आधी घरच्या वायफायला जोडून पाहिली, एकेक अक्षर बघून पत्ता फोनवर टाइप केला आणि पहिल्या झटक्यात उखाणा आला. त्यानंतर नुसता 'ए' दाबला की फोन बाकीचं आपणच भरायचा.

संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी हॉलमध्ये सत्तर बायका जमल्या. नवरेमंडळी किचनमध्ये चहावर. प्रत्येक टेबलावर काकूंच्या हातची चिठ्ठी: वायफायला जोडा आणि ब्राउझरच्या वरच्या चौकटीत टाइप करा, ए, एच, ओ. सत्तर अंगठे चालले, आणि एकही उखाणा आला नाही. एकीला कुठल्याशा अमेरिकन संस्थेची माहिती मिळाली, दुसरीला भलत्याच कुणाची गाणी. नुकतंच लग्न झालेली अन्वी फोन घेऊन उठली.

"काकू, माझी फोन म्हणतो, aho means fool. जपानी मध्ये."

"मग बरोबर आहे की," कुणीतरी मागून म्हणालं, आणि हॉल खदखदून हसला. देवयानीनं शांतपणे पिशवीतून बिंगोची कार्डं काढली. ती घेऊनच आली होती!

काकूंनी आपल्या फोनवर 'ए' दाबला; उखाणा हजर. आपल्या फोनवर चालतं आणि यांच्या चालत नाही, म्हणजे लिहिण्यातच काहीतरी राहिलं. डायरी किचनमध्ये, काकांच्या कोटात. काकू जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "अहो, माझी डायरी आणा!"

किचनच्या दारातून चौदा पुरुष बाहेर डोकावले. एकाच्या हातात गाळणं, एकाच्या तोंडात तिळाची वडी, आणि चौदाही चेहऱ्यांवर तोच घाबरा भाव, की आता आपलं काय चुकलं. त्यांत संजयकाका नव्हते.

काकू बघतच राहिल्या, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात अहो म्हणजे हाक. चारचौघांत तो नुसता शब्द. फोनचंही तेच झालं होतं. वेबसाइटच्या पत्त्यात असतं तसं मधे टिंब नसलेला एकटा शब्द बघून त्याला वाटलं, बाई काहीतरी विचारतेय, आणि तो चौकशी करत जगभर फिरून आला. याच खोलीतल्या डबीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मी विचारत नाही रे बाबा, हाक मारतेय, हे त्याला कळावं कसं? ते डायरीत होतं. आणि डायरीवाल्याला हाक कशी मारावी?

काकूंनी श्वास घेतला.

"संजय!"

दारातली चौदाही डोकी मागे वळली. काका ओल्या हातांनी, डायरी काखेत धरून बाहेर आले. कानापर्यंत लाल झाले होते.

काकूंनी पान काढलं. ए, एच, ओ, आणि पुढे एक तिरकी रेघ. चिठ्ठ्या लिहिताना आपलीच सवयीची रेघ समजून त्यांनी ती गाळली होती. रेघ त्यांची नव्हतीच, बाईंनी दिलेली होती. काकूंनी माइक ओढला आणि सांगितलं, अहोनंतर एक तिरकी रेघ द्या, म्हणजे फोनला कळतं की हा प्रश्न नाही, पत्ता आहे.

सत्तर उखाणे आले. एकीनं हात वर करून विचारलं, फोन 'सुरक्षित नाही' म्हणतोय, काय करू?

"नवऱ्याचं नाव घेणं कधीच सुरक्षित नव्हतं," काकू म्हणाल्या. "घे तू."

अन्वी खुर्चीवर चढली.

"तिळाच्या वडीला चांदीचा वर्ख,
कुशचं नाव घेते, तो मॅच बघण्यात गर्क!"

मग काय विचारता! बायका रांग मोडून माइककडे धावल्या. किचनमधले नवरे आपलं नाव ऐकायला दारात दाटीवाटीनं उभे राहिले आणि चहा उतू गेला. देवयानीनं तीन उखाणे घेतले, चौथ्याला तिला ओढून खाली बसवावं लागलं. बिंगोची कार्डं चहाच्या कपांखाली गेली.

घरी जायला दोघं गाडीत बसले. काकांनी किल्ली फिरवली नाही.

"परत एकदा घे ना."

काकू उखाणा आठवू लागल्या.

"उखाणा नको," काका म्हणाले.

काकूंनी काचेबाहेर पाहिलं. हसू आवरेना.

"संजय."

काकांनी काकूंच्या मांडीवरची डायरी उचलली, कोऱ्या पानावर आपलं नाव लिहिलं, आणि पुढे एक तिरकी रेघ मारली.