चूक कुणाची, ते शिमग्याला

आबांना माफी ऐकून घेता येत नसे. कुणी "आबा, माझं जरा चुकलं" म्हणायला तोंड उघडलं, की चौकातल्या पोलिसासारखा हात वर करून ते त्याला थांबवायचे. "शिमग्याला, शिमग्याला! आत्ता काय करायचं ते बोल." मी त्यांच्याकडे नोकरीला लागलो तेव्हा मला वाटलं, ही त्यांची बोलायची लकब असेल. पुढे कळलं, की हा माणूस खरोखरच वर्षभराच्या चुका होळीपर्यंत बाजूला ठेवतो.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आबांचा कूलरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, पुढे अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. जिल्ह्यातल्या एका नदीवरून त्यांनी कूलरला नाव दिलं होतं 'गिरजा'. हिवाळाभर आम्ही कूलर बनवायचो आणि होळीपासून पावसापर्यंत ते विकायचो. वर्षाची भाकरी त्या तीन-चार महिन्यांवर.

आबा मूळचे देवगाव रंगारीचे, घरची शेती. शाळेची पहिली वर्षं निजामाच्या अमलात उर्दूत गेली आणि पोलीस ॲक्शननंतर तीच शाळा मराठी झाली. "दोन्हीकडून अर्धाच शिकलो," ते सांगायचे, "पण फायदा लई झाला. मराठीत 'निर्णय' असतो, त्याला कमिटी लागते, चहा लागतो. उर्दूत 'फैसला' असतो, तो उभ्या उभ्या होतो." त्यांच्या खोलीत म्हणूनच की काय, टेबल होतं पण खुर्ची नव्हती.

होळीच्या संध्याकाळी अंगणात फुटक्या खोक्यांची आणि कूलरच्या जाळीतल्या जुन्या गवताची होळी पेटायची. सगळे गोल उभे राहायचे. मग एकेकानं पुढे यायचं आणि वर्षभरातली आपली चूक मोठ्यानं सांगायची. नियम एकच: दुसऱ्याची सांगायची नाही. सांगून झाली, की सगळ्यांनी तोंडावर हात मारत बोंब ठोकायची, आणि ती चूक संपली. पुन्हा कुणी तिचं नाव काढलं, तर त्याला त्या दिवशी पुरणपोळी नाही. पहिला नंबर आबांचाच असे. एका वर्षी ते म्हणाले, "मी बायकोला विचारल्याबिगर जीप घेतली." त्या बोंबेनं शेजारच्या कारखान्याचा वॉचमन धावत आला होता.

मला ही पद्धत जड जायची. मी जात्याच अपराधी माणूस आहे. शेजाऱ्याच्या हातून कप फुटला तरी मला आधी वाटतं, आपण त्याच्याशी बोलत होतो म्हणून फुटला. त्यातून आमच्या घरात चार पिढ्या भिक्षुकी. आबा मला 'जोशीबुवा' म्हणायचे. "तुला प्रायश्चित्ताचा लई सोस," ते म्हणायचे. "आरं, तू माफी मागत बसलास की समोरच्याला तुझी समजूत काढावी लागती. काम तसंच राहतं."

काही बिघडलं की आबा एकच विचारायचे, "कुणाला लागंल का?" उत्तर 'नाही' असलं, तर ते जवळजवळ खूष व्हायचे. एकदा रंगाऱ्यानं हिरव्याऐवजी एका खेपेचे सगळे पत्रे गुलाबी रंगवून ठेवले. आम्ही कपाळाला हात लावून बसलो. आबांनी शेडमध्ये एक चक्कर मारली आणि म्हणाले, "कुणाला लागंल का? नाय ना? मग इका." हिरवे कूलर राहिले, गुलाबी आधी संपले.

त्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर मात्र मी एकदाच ऐकलं.

गुढीपाडवा होऊन थोडेच दिवस झाले होते. ऊन असं, की पत्र्याला हात लावायची सोय नाही. हंगाम ऐन भरात होता. फुलंब्रीहून एक गुरुजी एसटीनं आले आणि फार संकोचानं म्हणाले, "तक्रार नाही हो. पण आई म्हणते, कूलरला हात लागला की मुंग्या येतात. ती आता लाकडी पळीनं बटण दाबते."

आम्ही सगळे हसलो. गुरुजीही हसले. आबा हसले नाहीत.

"गुरुजी, घरात लेकरं?"

"दोन मुली. कूलरपाशीच खेळतात दिवसभर."

आबांनी गुरुजींना जीपमध्ये घातलं, मला मागे बसवलं आणि थेट फुलंब्री गाठली. गुरुजींच्या घरी पोचताच आधी पिन काढली, मग कूलरचा मागचा पत्रा उघडला. पंपाची वायर पत्र्यातल्या भोकातून आत येते. त्या भोकाला रबरी बुश बसवतात, म्हणजे पत्र्याची धार वायरीला कापत नाही. इथं बुश नव्हता. काळी टेप गुंडाळलेली होती. पंख्याच्या थरथरीनं धारेनं टेप कापली होती आणि आतली तांब्याची तार चमकत होती. पायाखाली ओली फरशी आणि दोन लहान मुली आमच्याकडे बघत उभ्या.

मी ओळखलं, ही टेप माझीच. पाडव्याच्या आधी बुश संपले होते, नवे यायचे होते, आणि माल न्यायला टेम्पो दारात उभा होता. सुपरवायझर मी. "तेवढ्या खेपेला टेप मारा" हे शब्द माझे होते. चार दिवसांत बुश आलेही. पण ती खेप गेली ती गेलीच.

आबांनी जीपमधल्या पेटीतून नवी वायर आणि बुश काढून तिथल्या तिथं बसवले, गुरुजींचा निरोप घेतला आणि गावाबाहेर येऊन जीप एका बाभळीखाली थांबवली.

"आबा," मी म्हणालो, "टेप मारायला मी..."

हात वर. "शिमग्याला."

"आबा, शिमगा आत्ताच झाला. पुढच्याला वर्ष आहे."

"मग वरीसभर काम कर. रडायलास कामून? तिकडं कुणाच्या घरात पोरगं कूलरला हात लावायलंय, आन् तू इथं डोळे पुसायलास." मग इंजिन गार व्हायच्या आत त्यांनी सांगून टाकलं, "आजपास्नं नवा माल बंद. सगळे फिटर गावोगाव. त्या खेपेतला एकूण एक कूलर उघडायचा."

"पण कुणाकुणाकडे गेले ते कसं कळणार? दुकानदारांनी बाजारात विकलेत."

"भोंगा लावू."

"आबा, बाजारात उभं राहून आपणच आपल्या मालाची बदनामी करायची?"

"व्हय. कुणाला लागल्याची बातमी यायच्या आधी आपण जाऊ."

दुसऱ्या दिवशी जीपवर भोंगा बांधला आणि आम्ही आठवडी बाजार धरले. माईक आबांच्या हातात. "ऐका हो मंडळी! गिरजा कूलर घेतला आसंल तर बंद करा! पिन काढा, हात लावू नका! आमचा माणूस दारात यीऊन दुरुस्त करून दील. पैसे परत पाहिजेत, त्याला पैसे परत!" लोक जमायचे, हसायचे. कन्नडला एका पोरानं विचारलं, "आबा, तुमचा कूलर हवा देतो का करंट?" आबा भोंग्यातूनच म्हणाले, "सध्या दोन्ही. म्हणून तर आलो." मी लाजेनं मान खाली घालून बसलो होतो. माईकवर हात ठेवून ते माझ्याकडे वळले. "मान वर कर, जोशीबुवा. अशी खाली घालून बसलास तर लोकांना वाटंल, जीपमधी कुणी गेलंय."

दुकानदार चिडले. एकजण कारखान्यात येऊन ओरडला, "आबा, एका म्हातारीला मुंग्या आल्या म्हणून धंदा बुडवता?" आबा त्याला म्हणाले, "शेठ, म्हातारी शहाणी होती. तिनं पळी घेतली. लेकरू पळी घीत नाय." जाताना तो दुकानात राहिलेले चार कूलर परत पाठवतो म्हणाला.

उन्हाळाभर फिटर उन्हात फिरले. घराघरांत त्यांना ताक मिळालं, शिव्या मिळाल्या, एका ठिकाणी तर लग्नाचं आमंत्रण मिळालं. करीमचाचा हे आमचे सगळ्यात जुने फिटर, ते रोज संध्याकाळी येऊन सांगायचे, "आबा, आज इत्ते मिले." सुदैवानं कुणाला इजा झाली नव्हती. पण त्या हंगामात आम्ही एकही नवा कूलर विकला नाही. पगार कशातून द्यायचे, हा प्रश्न उभाच होता. आबांनी शेडमधल्या पत्र्यांच्या थप्पीला टेकून विचार केला. म्हणजे टेकले आणि लगेच उठले. "जूनमधी पोरं शिकायला होस्टेलला जातात. त्यांना पेट्या लागतात. पत्रा तोच, कात्री तीच. हाणा पेट्या." कूलरचा कारखाना त्या पावसाळ्यात ट्रंकांवर जगला.

त्या खेपेतले सगळे कूलर सापडले. एक सोडून.

तो एक मला छळत राहिला. कुठे असेल? कोण हात लावत असेल? दिवाळी गेली, संक्रांत गेली. शेवटी होळी आली. मी वर्षभर मनात घोकलेलं घेऊन जाळासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बुश नसताना टेप मारायला मी सांगितलं."

बोंब उठायच्या आत करीमचाचा पुढे आले. "नै नै, आबा! ये मेरी गलती है. मैंच बोल्या था इनकू, टेप मारके चला देते करके. ये तो खाली हौ बोले."

"चाचा, सुपरवायझर मी आहे!"

"तो क्या हुआ? टेप मेरे हाथ की थी!"

आम्ही दोघं खरोखरच भांडायला लागलो. तेवढ्यात आबा मध्ये आले. "बाजूला व्हा दोघं. टेम्पो दारात उभा करून 'चला, चला' म्हणून बोंबलत कोण होतं? मी. माझी चूक हाय ती." मग सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बघा रं! एका चुकीला तीन मालक. बोनसच्या वक्ताला तरी एवढे पुढं आले व्हते का?"

त्या दिवशी बोंब मारता मारता लोक हसून खाली बसले. मला मात्र मोकळं वाटेना. पुरणपोळी घेऊन मी आबांजवळ गेलो. "आबा, तो एक कूलर..."

मला वाटलं, ते चिडतील; आपल्या नियमानं पोळी काढून घेतील. पण ते गंभीरपणे म्हणाले, "ती चूक नव्हं, ते ऱ्हायलेलं काम हाय. कामाला शिमगा नसतो. उद्या धूळवड झाली की निघू."

पुन्हा दुकानं पालथी घातली. अजिंठ्याच्या एका दुकानदाराला आठवलं, की एकानं लेकीच्या रुखवतात मांडायला कूलर नेला होता. बापाचं गाव सापडलं, बापाकडून लेकीचं सासर सापडलं. डोंगराच्या अंगाला शेतातली वस्ती होती. आम्ही पोचलो, तेव्हा एक तरुण बाई दारात धान्य निवडत होती. आबांनी धापा टाकतच विचारलं, "पोरी, कूलर कुठाय? बंद कर आधी!"

"बंद कर?" ती म्हणाली. "बाबा, वस्तीवर लाईटच नाय."

कूलर पडवीत होता. त्याची जाळी काढलेली आणि आत गवतावर एक कोंबडी फुगून बसलेली. वर्षभर माझी झोप खाणारा कूलर तो हा. आबा पडवीच्या कडेला बसले आणि इतके हसले, की त्या पोरीनं घाबरून पाणी आणलं. मीही हसलो. किती दिवसांनी, कुणास ठाऊक.

हसणं झाल्यावर मी उठलो. "चला आबा. इथं काही धोका नाही."

आबांनी खिशातून बुश काढला.

"आबा, इथं वीज नाही!"

"आज नाय. पुढं यील. तवा आपण असू का इथं सांगायला?"

"बाबा, कोंबडीला उठवू नका," ती पोरगी मध्ये पडली. "खुडूक बसलीय. उठली तर अंडी वाया जातील."

फैसला उभ्या उभ्या करणारा तो माणूस मग मातीत उकिडवा बसला आणि बाहेरून दोन बोटं घालून, कोंबडीला धक्का न लावता बुश बसवायला लागला. त्याला फार वेळ लागला. कोंबडीनं दोनदा चोच मारली. "बरोबर हाय," आबा बोट चोखत म्हणाले, "गिऱ्हाइकाला तक्रारीचा हक्क हाय." शेवटी बुश बसला. त्यांनी वायर ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, मगच उठले.

पुढे काही वर्षांनी आबा गेले. हिवाळ्यात, थोड्याशा आजारपणानं. मी भेटायला गेलो होतो तेव्हा माझ्या तोंडून नेहमीसारखं काहीतरी निघणारच होतं, की माझ्याकडून तुमच्यासाठी काही झालं नाही वगैरे, पण त्यांचा हात अंथरुणावरून जरासा वर आलेला पाहिला आणि विचारलं, "आबा, पाणी देऊ?" ते म्हणाले, "आत्ता कसं शहाण्यागत बोललास."

कारखाना आता मी आणि त्यांची लेक मिळून पाहतो. अजूनही काही बिघडलं की मला आधी माझीच चूक दिसते. स्वभाव जात नाही. पण ती दिसल्या दिसल्या मी आबांचा प्रश्न आधी विचारतो, "कुणाला लागंल का?", आणि माझं रडगाणं मागे ठेवतो. कामगारांना वाटतं, मी धीराचा माणूस आहे. त्यांचा हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

आबा गेल्यानंतरच्याच उन्हाळ्यात अजिंठ्याकडचा एक शेतकरी कारखान्यात आला. मी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, वस्तीवर लाईट आली, बायकोच्या रुखवतातला कूलर धुऊन पुसून सुरू केला. आता त्याला नवं गवत पाहिजे.

"चालतो का नीट?" मी विचारलं.

"लई गार," तो म्हणाला. "आमचं धाकटं तर दुपारी त्याला पाठ लावूनच झोपतंय."