लिंबाखालची अढी

नव्वदच्या आसपास आमच्या गावातल्या छोट्या चर्चला नाताळात एक साहेब पाहुणे म्हणून आले. माझे काका चर्चचे पंच. साहेबांसाठी त्यांनी राजूरच्या देवळापुढून गुलाबाचा हार आणला, पण तो गळ्यात घातला पेटी वाजवणाऱ्या गुरुजींनी. साहेबांना दोघांतला फरक कळलाही नसावा. ते हार काढून जीपमध्ये बसले नि गेले. काकांचा राग गावातच राहिला.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे; येशूच्या आठवणीनं भाकरीचा एकेक तुकडा सगळ्यांनी खायचा. मनात कुणाबद्दल अढी असेल त्यानं आधी समेट करावा, नाहीतर भाकरीला हात लावू नये, असा रिवाज. बहुतेक माणसं अढीसकट हात पुढे करत. काका प्रामाणिक. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी तशी सूचना दिली की काका उठत, कोट सारखा करत आणि सगळ्यांना दिसेल अशा चालीनं बाहेर लिंबाखाली जाऊन बसत. समेटापेक्षा हे त्यांना अधिक ख्रिस्ती वाटे. काकांचा गळा गोड. पण प्रभुभोजनाचं गीत ते खिडकीकडे पाठ करून नुसतं पुटपुटत. त्या दिवशी घरी त्यांना घास उतरत नसे. गुरुजींची तब्येत मात्र उत्तम होती. काकू म्हणायच्या, "त्यांनी हार एकदाच घातला. तुम्ही अजून वागवून राह्यले."

अशी काही वर्षं गेली. मग एका रविवारी काकांपाठोपाठ गुरुजीही उठले आणि लिंबाखाली जाऊन बसले. आमचा बाक खिडकीशी होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"तुम्ही काहून आले?" काकांनी विचारलं.

"माझ्याबी मनात अढी हाय."

"कोणाची?"

"तुमची. तुम्ही न्हाई तं आत सूर कोणी धरत न्हाई. मी एकटाच पेटी कुटून राह्यलो."

अढी ही आजवर त्यांची एकट्याची मालमत्ता होती. आपणही कुणाच्या मनात असे ठाण मांडून बसलो असू, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आत पाळकसाहेब ताट धरून खोळंबलेले.

"मंग माफ करा की," काका शेवटी म्हणाले.

"करतो. तुमचं झालं का?"

"झालं. चला."

भाकरीचे तुकडे पाळकीणबाई माणसं मोजून करत, आणि काकांना मोजायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. ताटात एकच तुकडा उरला होता. गुरुजींनी तो मोडून अर्धा काकांना दिला. आपल्या वाट्याला लहान अर्धा आलाय, हे काकांनी नीट पाहिलं आणि मुकाट्यानं तोंडात टाकला.